क्षेपकांची बाजू

२५ नोव्हेंबर २०२३ रोजी बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या आपल्या विज्ञानकथा मालिकेला साठ वर्षे झाल्याच्या निमित्ताने ‘द स्टार बीस्ट’ हा विशेष भाग दाखवला. रसेल टी. डेव्हिस यांनी लिहिलेल्या या भागाची कथा नवी नव्हती. पॅट मिल्स यांनी लिहिलेली आणि डेव्ह गिबन्स यांनी रेखाटलेली ती चित्रकथा १९८० साली एका साप्ताहिकात छापून आली होती, आणि नव्या भागाच्या श्रेयनामावलीत त्या दोघांची नावे होती. त्रेचाळीस वर्षांपूर्वी काळ्या शाईने छापलेले एक कॉमिक पडद्यावर आले, ही आनंदाची गोष्ट. पण रसिकांमध्ये लगेच वाद सुरू झाला. या मालिकेचा नायक, डॉक्टर, वारंवार नवे रूप घेतो: चित्रकथेत जो डॉक्टर होता तो चौथा, पडद्यावर आला तो चौदावा. तोच प्रसंग दोघांच्या आयुष्यात घडू शकत नाही. मग जुनी चित्रकथा ‘घडलीच नाही’ असे मानायचे का? एका पक्षाने सांगितले की पडद्याने कागदाला रद्द केले. दुसऱ्या पक्षाने सांगितले की उलट, मालिकेने त्या कथेवर अधिकृत शिक्का उमटवला, आता तरी ती खरी झाली. दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडले, आणि दोघांनीही एक गोष्ट न तपासता गृहीत धरली: चित्रकथा ‘धरली’ जाते की नाही यावर तिची किंमत ठरते.

मला हे गृहीतकच चुकीचे वाटते. दूरचित्रवाणी मालिकेवरून निघालेली चित्रकथा चांगली की वाईट हे ती चित्रकथा म्हणून काय साधते यावर ठरावे. मालिकेच्या खातेवहीत तिची नोंद झाली की नाही, हा प्रश्न हक्कांच्या मालकाचा आहे. वाचकाने तो आपला मानण्याचे कारण नाही.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेल्या या मालिकेचा नायक परग्रहावरचा प्रवासी आहे. तो निळ्या पोलीस टेलिफोन-खोक्यासारख्या दिसणाऱ्या यानातून काळात आणि अवकाशात फिरतो, आणि मरणाची वेळ आली की मरण्याऐवजी नवा देह, नवा स्वभाव घेऊन उठतो. या एका युक्तीमुळे नट बदलत राहिले आणि मालिका चालू राहिली. तिच्या पहिल्या वाढदिवसाच्या आतच, नोव्हेंबर १९६४ मध्ये, तिची चित्रकथा ‘टीव्ही कॉमिक’ या मुलांच्या साप्ताहिकात सुरू झाली. म्हणजे कागदावरचा डॉक्टर पडद्यावरच्या डॉक्टरच्या जवळजवळ बरोबरीचा आहे.

चित्रकथांना कमी लेखणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही, आणि त्यांचा सर्वांत भक्कम पुरावा याच ‘टीव्ही कॉमिक’मध्ये सापडतो. मालिकेतली नात आणि सहप्रवासी बाजूला ठेवून तिथे डॉक्टरला जॉन आणि गिलियन ही दोन नातवंडे दिली गेली, ज्यांचा मालिकेत मागमूसही नाही. पॅट्रिक ट्राउटन यांनी पडद्यावर साकारलेला दुसरा डॉक्टर हा बुद्धीने आणि मिश्किलपणाने संकटातून वाट काढणारा. चित्रकथेत मात्र तो हाती किरणबंदूक घेऊन शत्रूंना बेधडक मारतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तर याच साप्ताहिकाने आधीच्या डॉक्टरांच्या जुन्या चित्रकथा काढल्या, जुन्या नायकाच्या धडावर चौथ्या डॉक्टरचा, म्हणजे टॉम बेकर यांचा, चेहरा चढवला आणि तीच पाने पुन्हा छापली. देह जुना, चाल जुनी, संवाद जुने, फक्त तोंड नवे. अमेरिकेतही वेगळे काही नव्हते. १९६७ साली ‘गोल्ड की’ या प्रकाशनाने ‘स्टार ट्रेक’ची चित्रकथा सुरू केली, तेव्हा ती रेखाटणारे इटालियन चित्रकार मालिका न पाहता, प्रसिद्धीसाठी काढलेल्या छायाचित्रांवरून काम करत होते. परिणामी ‘एंटरप्राइझ’ यानाच्या मागून अग्निबाणासारख्या ज्वाळा निघाल्या, ज्या मालिकेत कधीच दिसत नाहीत. ही घाईची, धंद्याची, मुलांच्या खिशावर डोळा ठेवून केलेली कामे होती. ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण या उदाहरणांतून नेमके काय सिद्ध होते? चढवलेल्या चेहऱ्याचे ते पान वाईट का आहे, याचा विचार करू. मालिकेशी इमान राखले नाही म्हणून ते वाईट आहे, असे सहसा म्हटले जाते. मला नेमके उलटे दिसते. त्या पानाने मालिकेशी एकाच बाबतीत इमान राखले: नटाच्या चेहऱ्याशी. चेहरा जुळला की डॉक्टर झाला, अशी त्यामागची समजूत होती, आणि चित्रकथा म्हणून करायचे ते सगळे, म्हणजे देहबोली, हालचाल, चौकटींची लय, या स्वभावाच्या माणसाला शोभेल असा प्रसंग, सोडून दिले. म्हणजे साम्य ही एकमेव कसोटी मानली की काय होते, त्याचेच ते पान उदाहरण आहे.

याच्या शेजारी ‘टीव्ही सेंच्युरी २१’ या साप्ताहिकातली डॅलेकांची चित्रकथा ठेवा. जानेवारी १९६५ ते जानेवारी १९६७, एकशे चार आठवडे, दर अंकात एक रंगीत पान. हिच्यात डॉक्टर नाही. त्याचे यान नाही. पहिल्या पानापासून कथा शत्रूची आहे: धातूच्या कवचातल्या त्या निर्दय जीवांचे साम्राज्य कसे उभे राहिले, त्यांचा सोनेरी, भल्या मोठ्या गोल डोक्याचा सम्राट कसा घडला, ते अवकाशात कसे पसरले. पडद्यावरचा डॅलेक त्या काळी स्टुडिओच्या गुळगुळीत जमिनीवरच सरकू शकत असे, कारण आत एक माणूस बसून पायांनी तो ढकलत असे. चित्रकाराला ना जमीन आडवी येत होती ना आतला माणूस. त्याने डॅलेकांना उडत्या तबकड्यांवर उभे केले आणि आकाशात झेपावू दिले. पडद्यावरच्या डॅलेकाला साधा जिना चढताना दाखवायला १९८८ साल उजाडले. त्याच १९८८ च्या कथेत सम्राट डॅलेक आला तो गोल डोके घेऊनच. मूळ मालिकेला इतकी कमी बांधलेली चित्रकथा इतकी सरस कशी निघाली? कारण तिच्या कर्त्यांनी ‘हे पडद्यावर कसे दिसते’ हा प्रश्न सोडून ‘हे कागदावर काय काय करू शकेल’ हा प्रश्न घेतला.

मी स्वतः डॉक्टरला आधी कागदावर भेटलो. मुंबईत फोर्टच्या पदपथावर जुन्या परदेशी मासिकांच्या गठ्ठ्यात ‘डॉक्टर हू वीकली’चे काही सुटे अंक मिळाले, तेव्हा मालिकेचा एकही भाग मी पाहिलेला नव्हता. हे साप्ताहिक ऑक्टोबर १९७९ मध्ये मार्व्हलच्या ब्रिटिश शाखेने सुरू केले, आणि त्यातली पहिली चित्रकथा होती मिल्स आणि जॉन वॅग्नर यांनी लिहिलेली, गिबन्स यांनी काढलेली ‘द आयर्न लीजन’. इंग्लंडमधल्या एका साध्या गावात यांत्रिक रोमन शिपाई घुसतात. ते आले आहेत अशा एका पृथ्वीवरून, जिथे रोमचे साम्राज्य कधी बुडालेच नाही. डॉक्टर तिथे जातो, आणि त्याला भेटतो व्हेसुव्हियस, रोममधला सर्वांत जुना यंत्रमानव. या कथेला लागणारी नगरे, आखाडे, सैन्ये त्या काळच्या बीबीसीच्या अंदाजपत्रकात बसणे शक्यच नव्हते. गिबन्स यांना त्यासाठी शाई, पट्टी आणि रात्रीची जागरणे पुरली. मी ते अंक वाचले तेव्हा चौथा डॉक्टर कोण हे मला ठाऊक नव्हते, लांब गळपट्ट्याचा हा माणूस कोण्या नटासारखा दिसतो की नाही हेही नाही. तरी कथा अडली नाही.

‘द स्टार बीस्ट’ त्याच साप्ताहिकातली. ब्लॅककॅसल नावाच्या इंग्रजी औद्योगिक शहरात शॅरन आणि फज ही दोन शाळकरी मुले यान कोसळून जखमी झालेल्या एका परग्रहवासीयाला लपवतात. त्याचे नाव बीप द मीप: गोलमटोल अंग, मऊ केस, मोठे डोळे. त्याच्या मागावर असलेले सैनिक किड्यांसारखे, काटेरी, भयानक. पुढे कळते की ते भयानक सैनिक म्हणजे पोलीस आहेत, आणि गोजिरवाणा मीप हा क्रूर हत्याकांडे करणारा गुन्हेगार. आता हे पान जवळून पाहा. डॉक्टरचा गळपट्टा, शॅरनच्या घरातले सामान आणि मीपचे केस, सगळे एकाच हाताने, एकाच जाडीच्या रेषेने काढलेले आहे. त्यामुळे मीप त्या खोलीतल्या खुर्चीइतकाच खरा वाटतो. त्या काळच्या दूरचित्रवाणीवर हीच कथा झाली असती तर प्रेक्षकाची नजर आधी पोशाखाच्या शिवणीकडे गेली असती, त्याने मनातल्या मनात ‘हे खोटे आहे, पण चालवून घेऊ’ असा करार केला असता, आणि ज्याला आपण आधीच खोटे धरले त्याने फसवले याचा धक्का बसला नसता. या कथेतला विश्वासघात रेषेच्या समतेवर उभा आहे. पडद्याला तेवढा विश्वासार्ह मीप उभा करायला २०२३ पर्यंत थांबावे लागले.

विरोधकांचा दुसरा मुद्दा मला अधिक गंभीर वाटतो. ही मालिका फार मोठ्या प्रमाणात आवाजाची आहे. रॉन ग्रेनर यांनी रचलेल्या शीर्षकसंगीताला डेलिया डर्बीशायर यांनी १९६३ साली फितीचे तुकडे कापून, जोडून जे रूप दिले, ते ऐकताना आजही अंगावर काटा येतो. यान उतरतानाचा तो घरघरता, दम लागल्यासारखा आवाज ब्रायन हॉजसन यांनी पियानोच्या तारांवर घराची किल्ली घासून तयार केला. टॉम बेकर यांचा खर्ज कागदावर कसा आणणार? येत नाही. इथे चित्रकथा हरते, आणि ते सरळ मान्य करावे. पण हरल्यावर तिने काय केले तेही पाहावे. यानाच्या आवाजासाठी तिने ‘व्वॉर्प व्वॉर्प’ अशी अक्षरे बनवली आणि ती चौकटीत वाकवून, ताणून काढली. अक्षराचा आकार वाढतो तसे यान जवळ येते. अक्षर विरते तसे यान निघून जाते. हे ध्वनीचे प्रतिलेखन मानले तर अपुरे आहे, पण ते चित्र आहे, आणि चित्र म्हणून त्याला स्वतःची ताकद आहे. आज जगभरचे रसिक तो आवाज लिहून दाखवायचा तर हीच अक्षरे वापरतात.

तिसरा मुद्दा असा की काहीतरी प्रमाण हवेच. काय घडले आणि काय नाही यावर एकमत नसेल तर सामायिक कथाविश्वच उरत नाही. यात तथ्य आहे. लेखकाने आज मेलेल्या पात्राला उद्या विनाकारण चालताना दाखवले तर वाचकाचा विश्वास उडतो. पण पडदा ते प्रमाण पुरवतो का? याच मालिकेने पडद्यावर अटलांटिसचा विनाश १९६७, १९७१ आणि १९७२ अशा तीन कथांत तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितला आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत जुन्या ध्वनिचित्रफिती पुसल्या; नव्वदहून अधिक भाग त्यात गेले. पहिल्या डॉक्टरचे पहिले रूपांतर ज्या भागात होते, ऑक्टोबर १९६६ मधल्या ‘द टेन्थ प्लॅनेट’चा तो चौथा भाग आज पूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही. ज्या संस्थेच्या हाती प्रमाण ठरवण्याचा अधिकार, तिलाच आपले प्रमाण जपावेसे वाटले नाही, आणि त्याच आठवड्यांतली चित्रकथा, जी ‘धरली जात नाही’, ती कुणाच्या तरी माळ्यावरच्या पेटीत शाबूत राहिली.

प्रमाण संहिता आणि बाहेरची भर हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या संशोधित आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली पूर्ण केले. वि. स. सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली आणि नंतर घुसलेले श्लोक, म्हणजे क्षेपके, वेगळे काढले. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही घराघरांत माहीत असलेली कथा त्या आवृत्तीच्या मूळ संहितेत नाही. ती परिशिष्टात आहे. इथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक, संपादकांनी क्षेपके वेगळी काढली पण फेकली नाहीत. त्यांच्यासाठी तळटीपा आणि परिशिष्टे यांची पानेच्या पाने राखली. दोन, ‘हे मूळ नाही’ हे त्यांचे विधान हस्तलिखितांच्या वंशावळीविषयीचे होते. ‘हे वाईट आहे’ असे ते कधीच म्हणाले नाहीत. चित्रकथांच्या वादात हीच दोन विधाने सर्रास एकमेकांत मिसळली जातात. जांभूळ आख्यानात द्रौपदी कर्णाविषयीची आपली ओढ कबूल करते. शाहीर विठ्ठल उमप ते सादर करत तेव्हा हे कोणत्या पर्वात आले आहे असे विचारत कुणी मांडवातून उठून गेले असेल का? ऐकणाऱ्याला ठाऊक असते की हे व्यासांचे नाही, आणि तरी द्रौपदी त्याला आधीपेक्षा जास्त कळलेली असते.

ही तुलना एका जागी तोकडी पडते, आणि नेमकी तीच जागा महत्त्वाची आहे. महाभारताला मालक नाही. मालिकेला आहे. त्यामुळे तिथे काय खरे हे विद्वानांच्या ताडपडताळणीने ठरत नाही. मालक म्हणेल ते ठरते, आणि मालकाचे मत बदलले की सत्यही बदलते. ‘स्टार ट्रेक’च्या बाबतीत हे उघड झाले. डीसी प्रकाशनाने १९८४ पासून जी चित्रकथा चालवली तिने यानावर स्वतःची काही नवी पात्रे आणली आणि वाढवली. १९८९ साली नवी मालिका सुरू करताना मालिकेच्या जनकाच्या कार्यालयाने तपासणी कडक केली, आणि ती पात्रे गेली. ती पात्रे कंटाळवाणी होती का? वाचकांनी नाकारली होती का? तसे कुणी म्हटले नाही. ती मालकाची नव्हती, एवढेच. उलट टोकाला ‘बॅबिलॉन ५’ ही अमेरिकी विज्ञानकथा मालिका आहे. तिचे निर्माते जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की यांनी १९९५ साली आलेली चित्रकथा कथेचाच भाग मानली. पहिला अंक त्यांनी स्वतः लिहिला आणि सिंक्लेअर हा नायक मिनबार ग्रहावर राजदूत कसा झाला हे त्यात सांगितले. शिक्क्याच्या बाबतीत याहून पक्के काय असू शकते? तरी ती चित्रकथा अकरा अंकांत संपली, आणि चित्रकथेच्या इतिहासात तिची आठवण फार कुणी काढत नाही. शिक्का असूनही मध्यम, शिक्का नसूनही उत्तम, असे दोन्ही होऊ शकत असेल तर शिक्क्यावरून भांडण्यात काय हाती लागते?

उलट, शिक्का नाही म्हणून जी मोकळीक मिळते तिच्यातूनच काही महत्त्वाच्या गोष्टी आधी घडल्या. शॅरन ही कृष्णवर्णीय शाळकरी मुलगी १९८० सालीच डॉक्टरची सहप्रवासी होऊन निघाली. पडद्यावर कृष्णवर्णीय सोबती डॉक्टरबरोबर प्रवासाला निघायला २००५ नंतरचा काळ यावा लागला. गॅरेथ रॉबर्ट्स यांनी २००६ साली ‘डॉक्टर हू मॅगझिन’साठी, म्हणजे त्याच साप्ताहिकाच्या पुढच्या मासिक रूपासाठी, लिहिलेली ‘द लॉजर’ ही छोटी चित्रकथा त्यांनीच २०१० साली मालिकेसाठी पुन्हा लिहिली, डॉक्टर बदलून, घरमालक बदलून. कुणाचे काही रद्द झाले नाही. दोन्ही आजही वाचता आणि पाहता येतात.

सर्वांत मोठी गोष्ट डिसेंबर १९८९ नंतरची आहे. मालिका बंद पडली. मे १९९६ मध्ये पॉल मॅकगॅन यांचा आठवा डॉक्टर एकाच चित्रपटात दिसला आणि पडदा पुन्हा काळा झाला. मार्च २००५ मध्ये मालिका परतली. मधली जवळजवळ नऊ वर्षे, महिन्यामागून महिना, आठव्या डॉक्टरला ‘डॉक्टर हू मॅगझिन’च्या चित्रकथेने चालवले, नवे सोबती दिले, त्याला चुकू दिले, वाढू दिले. त्या काळात तो धरला जात होता की नाही हे विचारणे म्हणजे घरात दिवा कुणी तेवत ठेवला हे न पाहता वीजमंडळाची पावती मागण्यासारखे आहे.

ही चित्रकथा संपवायची वेळ आली तेव्हा मालिका परत आणणाऱ्या डेव्हिस यांनी मासिकाला एक देणगी देऊ केली: आठव्या डॉक्टरचे नवव्यात होणारे रूपांतर तुम्हीच दाखवा. शिक्का मिळवण्याची याहून मोठी संधी कुठल्याही चित्रकथेला मिळालेली मला माहीत नाही. पण मासिकाला त्या क्षणानंतर नववा डॉक्टर आपल्या जुन्या सोबतिणीबरोबर, डेस्ट्रीबरोबर, काही काळ चालवायचा होता, आणि ते मालिकेच्या आखणीत बसत नव्हते. रूपांतर दाखवून तिथेच थांबणे त्यांना आपल्या कथेशी अन्याय वाटला. त्यांनी देणगी नाकारली, आणि २००५ साली ‘द फ्लड’ या चित्रकथेच्या अखेरीस आठवा डॉक्टर, त्याच चेहऱ्याचा, डेस्ट्रीबरोबर पुढच्या प्रवासाला निघून गेला. आठ वर्षांनी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, मालिकेने पडद्यावर आठव्या डॉक्टरचे रूपांतर दाखवले. ते नवव्यात झाले नाही. २००५ साली कुणाला माहीत नसलेला, जॉन हर्ट यांचा योद्धा डॉक्टर मध्येच उभा राहिला. मासिकाने २००५ साली तो अधिकृत क्षण काढला असता तर तो त्या दिवशी चुकीचा ठरला असता. ‘द फ्लड’चे शेवटचे पान मात्र जसेच्या तसे आहे, आणि त्यात एक माणूस आणि त्याची सोबतीण अजून चालत आहेत.